शेपटामागचा एक

१

शेपटाचं काम सगळ्यांत सोपं, असं बाई म्हणायच्या. पुढच्याने रस्ता काढायचा, मधल्यांनी अंतर राखायचं आणि शेपटाने फक्त शेवटी असायचं. त्यात चुकायला जागाच कुठे आहे?

ते नऊजण होते. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. सीमेवर पडलेल्या एखाद्या जवानाला घरी आणत आहेत असं कळलं की नऊजण हातातलं काम टाकून आपापल्या मोटारसायकलींवरून विमानतळाच्या मालवाहतुकीच्या फाटकाशी जमायचे. सगळ्यांत पुढे बाई. त्या एका शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या होत्या आणि आवाज अजून मैदानावरचाच होता. त्यांच्या मागे शववाहिका, मग बाकीचे आठ, एकामागे एक, भर दिवसा दिवे लावून. दंतवैद्य कायम आठवा, कारण त्याला कुणीतरी मागे असलं की बरं वाटायचं. नववा आणि शेवटचा कुलूपवाला. त्याचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं, साठी उलटून तीन वर्षं झाली होती, आणि गटात सगळे त्याला तोंडावर काका आणि पाठीमागे शेपूट म्हणायचे. बाई तोंडावरही शेपूटच म्हणायच्या.

पहिल्या फेरीला एक चूक झाली होती. घरासमोर पोचल्यावर सगळ्यांनी एकदम इंजिनं बंद केली आणि दारात उभी असलेली आई त्या शांततेनेच मटकन खाली बसली. तेव्हापासून बाईंनी शिस्त घालून दिली. आधी बाई इंजिन बंद करणार. तीन आकडे मोजायचे, मग शववाहिका. पुन्हा तीन आकडे, मग तिच्या मागचा. असं करत करत आवाज एकेक पायरी उतरत यायचा आणि शेवटी शेपूट आपलं इंजिन बंद करायचं. मग एक श्वास, आणि शेपटाने एकच शब्द म्हणायचा. “पोचला.” तोवर घरचं दार उघडंच राहायचं, आतलं कुणी बाहेर यायचं नाही, बाहेरचं कुणी आत जायचं नाही. सगळ्यांनी घराकडे बघायचं, मागे वळायचं नाही. हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण दोन वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरचे लोकही न सांगता थांबायचे.

त्या मंगळवारी सकाळचे अकरा वाजले होते. रस्ता अरुंद होता, दोन्हीकडे दुमजली घरं. इंजिनं बंद होत होत पाळी कुलूपवाल्यापर्यंत आली. दंतवैद्याचं बंद झालं. एक, दोन, तीन. त्याने किल्ली फिरवली. आवाज संपला. तो श्वास घेऊन शब्द म्हणणार, एवढ्यात त्याच्या मागे एक इंजिन बंद झालं.

रस्त्याने जाणारं कुणी थांबलं, असा तो आवाज नव्हता. कुलूपवाल्याला हे नंतर घरी बसून कळलं, त्या क्षणी फक्त मानेवर काटा आला होता. मागचं इंजिन बरोबर तीन आकड्यांनी बंद झालं होतं. पाळीने.

“पोचला,” तो म्हणाला. मग त्याने वळून पाहिलं. मागे मोकळा रस्ता होता आणि एका बंद शिंप्याच्या दुकानाबाहेर ठेवलेली रिकामी खुर्ची.

२

सगळ्या शहराच्या दारांना कुलपं लावणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दाराचं कुलूप चमच्यानेही उघडलं असतं. शेजारचे त्यावरून टिंगल करत. तोही हसून म्हणायचा, “माझ्याकडे आहे काय चोरण्यासारखं?” खरं कारण दाराशेजारच्या भिंतीवर होतं. तिथे किल्ल्यांसाठी तीन खुंट्या होत्या. एकीवर त्याची किल्ली, दुसरीवर बायकोची. तिसरी खुंटी रिकामी होती, कारण ती किल्ली मुलाच्या खिशात होती. कुलूप बदललं तर तो आत कसा येणार?

मुलगा सव्वीस महिन्यांपूर्वी बेपत्ता झाला होता. तो पडला असं लष्कराकडून आलेल्या पत्रात कुठेही नव्हतं. एका सकाळी सातजण टेकडीपलीकडे गेले आणि परत आले नाहीत, एवढंच. छावणीत जाताना तो आपल्या मोटारसायकलवरून गेला होता. ती तिथल्या शेडमध्ये होती, आणि पुढे ती शेडच राहिली नाही. आणायला कुणी नव्हतं, त्यामुळे आणलं कुणाला नाही. नऊजणांची रांग या घरासमोर कधी थांबली नाही.

टेबलावर चार महिने एक कागद पडून होता. मुलाला मृत समजण्यास आमची हरकत नाही, असा त्याचा मजकूर, आणि खाली आई आणि वडील अशा दोन सह्यांची जागा. आईची सही झाली होती. सही करून ती मुलीकडे दुसऱ्या गावी निघून गेली, आणि तिथून रोज संध्याकाळी पाचला फोन करायची.

“जेवलात?”

“जेवलो.”

“काय जेवलात?”

“होतं ते.”

“अहो, तो कागद...”

“पोरगा आलेला नाही अजून.”

“येणार नाही तो.” ती हे हल्ली न रडता म्हणायची आणि तेच त्याला सहन व्हायचं नाही. “मला एकदा पोटभर रडून मोकळं होऊ द्या. रडायला लागले की तुमचं तोंड आठवतं, की हा माणूस अजून वाट बघतोय. मग रडूही येत नाही. असं अर्धवट किती दिवस जगायचं?”

या प्रश्नावर तो नेहमी फोन ठेवून द्यायचा. त्या मंगळवारीही ठेवला. फोन ठेवल्यावर मात्र त्याने स्वतःलाच समजावलं. अरुंद रस्ता, समोरासमोर भिंती, आपल्याच इंजिनचा आवाज फिरून आला असेल. आयुष्यभर कुलपांच्या आतले आवाज ऐकून त्याचे कान तयार झाले होते, आणि प्रतिध्वनी तीन आकडे थांबत नाही हे ते कान त्याला सांगत होते. त्याने त्यांच्याकडे कानाडोळा केला.

३

पुढची फेरी नऊ दिवसांनी निघाली. आभाळ भरलेलं होतं, दुपार असून उजेड मळका. शहराबाहेर रेल्वेचं फाटक होतं आणि तिथला फाटकवाला दर फेरीला झोपडीतून बाहेर येऊन सलाम ठोकायचा. रुळांवरून उडी घेत कुलूपवाल्याची मोटारसायकल पलीकडे गेली आणि डाव्या आरशात दिवा दिसला.

शेपटाचा आरसा रिकामा असतो. दोन वर्षं त्यात फक्त मागे पडणारा रस्ता दिसत आला होता. कधी एखादी घाईतली गाडी यायची, तिला तो हाताने पुढे जा म्हणून खुणावायचा, ती जायची. त्याने आता तसाच हात केला. दिवा पुढे आला नाही. त्याने वेग थोडा कमी केला तर दिव्यानेही केला. अंतर बाईंनी शिकवलेलंच होतं, ना कमी ना जास्त.

असतात हौशी लोक, त्याने मनाची समजूत घातली. आपल्याला पाहून कुणीतरी सामील झालं असेल. चांगलंच आहे की. मग छातीत असं धडधडायला काय झालं?

घरासमोर आवाज पायरी पायरीने उतरत आला. त्याने किल्ली फिरवली आणि मोजलं. तीनवर मागचं इंजिन बंद झालं, या वेळी जवळ. स्टँड लावल्याचा आवाजही आला. दारात एक तरुण बाई भिंतीला धरून उभी होती आणि तिचे डोळे त्याच्या ओठांवर होते, म्हणून तो घाईने “पोचला” म्हणाला. शब्द तोंडातून बाहेर पडताच पाठीमागची जागा रिकामी झाल्याचं त्याला कळलं. कसं, ते सांगता आलं नसतं. खोलीतून कुणी न बोलता उठून गेलं तरी कळतं, तसं कळलं.

परतताना तो एकटाच फाटकाशी थांबला.

“तुमच्या त्या दहाव्याला सांगा जरा,” फाटकवाला म्हणाला.

“आम्ही नऊ आहोत.”

“नऊ कसे? मी बोटांवर मोजतो ना दर वेळी. आज दोन्ही हात लागले.” त्याने दहाही बोटं पसरून दाखवली. “मला फाटक पाडायचं असतं, साहेब तिकडून फोनवर बोंबलत असतो आणि हा गडी आपला सावकाश, पुढच्याला सोडून. चिकटून चालव म्हणावं.”

“दिसायला कसा होता?”

फाटकवाल्याने पसरलेली बोटं एकेक करून मिटली. नंतर तो म्हणाला, “दिवा होता ना डोळ्यांवर.” आणि झोपडीत जाऊन त्याने दार लावून घेतलं, ऊन नव्हतं की वारा नव्हता.

४

बाई त्याच आठवड्यात कपाटाचं एक बिघडलेलं कुलूप घेऊन दुकानात आल्या. कुलूप बघता बघता त्याने सगळं सांगून टाकलं.

“तुमचं घर रिकामं आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “रिकाम्या घरात माणूस स्वतःशी फार बोलतो. मला माहीत आहे, मी चौदा वर्षं बोलतेय.”

“फाटकवाल्यानेही मोजले, बाई.”

“फाटकवाल्याने एकदा मलाही सलाम करून ‘या साहेब’ म्हटलं होतं. पुढच्या फेरीला तुम्ही आठवे. दंतवैद्य शेपूट.”

दंतवैद्य कुरकुरला, पण बाईंपुढे कुणाचं चालत होतं? त्या फेरीला कुलूपवाल्याच्या आरशात पूर्ण वेळ दंतवैद्याचं लाल हेल्मेट दिसत राहिलं, आणि त्याच्यामागे काय आहे ते त्या हेल्मेटने झाकलं. घरासमोर त्याने आपलं इंजिन बंद केलं. तीन आकड्यांनी दंतवैद्याचं बंद झालं आणि ते पुरतं थांबायच्या आतच दंतवैद्य “पोचला” म्हणाला. श्वासही न घेता. दातातून काहीतरी थुंकून टाकावं तसं.

सगळे पांगल्यावर कुलूपवाला त्याच्याजवळ गेला. दंतवैद्याच्या मोटारसायकलचे दोन्ही आरसे आत वळवलेले होते.

“हे काय?”

“खड्ड्यात आदळून फिरले असतील.”

“दोन्ही?”

दंतवैद्य हातमोजे घालत होता. एरवी तो बोलायला लागला की थांबवावं लागायचं. “काका, पुढच्या वेळेपासून तुम्हीच राहा मागे,” तो म्हणाला. “तुम्हाला सवय आहे.”

“कशाची सवय?”

त्याने हेल्मेट घातलं आणि काच खाली ओढली. कुलूपवाल्याला त्या काचेत स्वतःचाच वाकडा चेहरा दिसला.

५

भीती वाटायची ती त्या दिवसापर्यंत. त्यानंतर कुलूपवाल्याच्या मनात दुसरंच काही शिरलं आणि ते भीतीपेक्षा वाईट होतं, कारण ती आशा होती.

मुलाच्या मोटारसायकलला एक खोड होती. इंजिन बंद केलं तरी ती लगेच गप्प व्हायची नाही. क्षणभराने आतून एकदा ठक असा आवाज करायची आणि मगच अंग टाकायची. मुलाने तीन मिस्त्री केले, खोड गेली नाही. त्याची आई स्वयंपाकघरातून ते ठक ऐकून ताट वाढायला घ्यायची. कुलूपवाला पेपरमागून म्हणायचा, “आले सरदार.”

पुढच्या फेरीला तो पुन्हा शेपूट होता आणि दिवा फाटकापासून मागे होता. त्याने या वेळी खुणावलं नाही, वेग बदलला नाही. घरासमोर सगळी इंजिनं बंद झाली, त्याचं बंद झालं, तीन मोजून झाले, मागचं बंद झालं. तो श्वास रोखून बसला. आणि ठक झालं.

झालं का? वर कुठेतरी खिडकी लावल्याचा आवाजही तसाच असतो. त्याने “पोचला” म्हटल्यावर वर नजर टाकली. रस्त्यावरची प्रत्येक खिडकी बंद होती. त्यांतली एखादी आत्ताच लावली होती की सगळ्या सकाळपासून बंद होत्या, कोण सांगणार?

पण त्याला सांगणारं कुणी नकोच होतं. त्याचं गणित जुळलं होतं. एक पोर घरी यायला निघालं आहे. त्याच्यापुढे कुणी रस्ता काढायला नाही, म्हणून ते दिसेल त्या रांगेच्या मागे लागतं. रांग दुसऱ्याच्या दारी जाते. शेपूट “पोचला” म्हणतं, आणि तो शब्द आपल्यासाठी नाही हे ऐकून ते पोर मागे फिरतं. दर वेळी. आणि तो शब्द म्हणून त्याला परत पाठवणारं शेपूट कोण, तर त्याचा बाप.

त्या दिवशी पाचला फोन आला तेव्हा त्याचा आवाज इतका मोकळा होता की बायको घाबरली.

“बरं वाटतंय ना तुम्हाला?”

“सोमवारी सही करून पाठवतो.”

पलीकडून हुंदका आला. “खरंच? अहो, खरंच?”

“रविवारी एक फेरी आहे. ती होऊ दे.”

“तिचा सहीशी काय संबंध?”

“संबंध नाही,” तो म्हणाला. “पण रविवारी पाचला फोन कर. विसरू नकोस.”

ती म्हणाली, मी कधी विसरले? ते खरंच होतं. त्याला तिला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. पण आशा एकट्याने बाळगलेली बरी, फुटली तर एकालाच लागते, असं वाटून त्याने फोन ठेवला. मागे मुलगाच असला तर सहीची गरज नाही. नसला तर सोमवारी कागद टपालात. त्याने मनाशी एवढंच ठरवलं होतं आणि तो शब्द पाळणारा माणूस होता.

शनिवारी त्याने मुलाची खोली झाडली, चादर बदलली. स्वतःच्या दाराच्या कुलपात तेल सोडलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. रविवारी निघताना दार लावलंच नाही. सताड उघडं टाकून गेला.

६

रविवारची थंडी बोचरी होती. ज्या घरासमोर रांग थांबली तिथे काठी टेकत उभा असलेला एक म्हातारा होता आणि त्याच्या मागे, खांद्याला धरून, त्याची सून. दोघांची नजर शववाहिकेवरून घसरत घसरत रांगेच्या शेवटाकडे आली.

कुलूपवाल्याने इंजिन बंद केलं. तीन आकडे, आणि मागचं बंद झालं. ठक झालं की नाही ते त्याच्या स्वतःच्या काळजाच्या ठोक्यांत बुडून गेलं. आरशात दिवा मात्र तसाच होता.

त्याने श्वास घेतला आणि ओठ मिटून घेतले.

शेपटाचं काम सोपं होतं. एक शब्द. तो म्हटला की मागचा जाणार, आणि या वेळी त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. म्हातारा वाट बघत होता. उंबऱ्यावर यायला त्याने एक पाय उचलला होता आणि तो तसाच अधांतरी होता. त्या उचललेल्या पायाकडे बघताना कुलूपवाल्याला शरम वाटली. दुसऱ्याच्या मुलाला आपण दारात अडवून धरलं आहे, हे त्याला पुरतं कळत होतं. तरी तो बोलला नाही.

दंतवैद्याच्या खांद्यांनी कान गाठले होते, पण तो वळला नाही. बाई वळल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा, स्वतःची शिस्त मोडून त्या वळल्या आणि त्यांनी रांगेच्या शेवटाकडे पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग त्याच्या मागे. मैदानावर पन्नास पोरांना दरडावणाऱ्या त्या बाईचा चेहरा कुणी पुसून काढावा तसा कोरा झाला. मग त्या घाईने पुन्हा घराकडे वळल्या.

“पोचला,” त्या म्हणाल्या. आवाज चिरकला होता.

म्हाताऱ्याचा पाय खाली आला. पण शब्द पुढून आला होता, शेपटातून नाही. कुलूपवाल्याने आरशात पाहिलं. दिवा गेला नव्हता.

तो कुणाशी बोलायला थांबला नाही. इंजिन सुरू करून त्याने रस्त्याच्या कडेने मोटारसायकल बाहेर काढली. बाईंच्या शेजारून जाताना त्या पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, “शेपूट, घरी नका जाऊ.” त्यांनी त्याला तुम्ही कुठे निघालात असं विचारलं नाही, हे त्याच्या पुढच्या वळणावर लक्षात आलं. तोवर आरशातला दिवाही वळला होता.

७

रस्ताभर तो पुढचा होता. बाई चालवत तसा चालवत होता, एका वेगाने, वळण येण्याच्या बऱ्याच आधी हात दाखवत. मागच्याला चुकू द्यायचं नाही. कितीतरी दिवसांनी त्याला एकटं वाटत नव्हतं. हेल्मेटच्या आत तो बडबडतही होता. इथून डावीकडे, बघ, ती शाळा, आठवते ना, तो हौद. तुझी आई नाही घरी, पण पाचला फोन येईल. तूच घे.

गल्ली रविवारची सुस्त होती. माणूस नाही, कुत्रं नाही. घराचं दार त्याने सकाळी टाकलं तसंच उघडं होतं आणि आतला दिवा जळत होता. त्याने दारासमोर मोटारसायकल थांबवली, घराकडे तोंड करून, आणि किल्ली फिरवली. शिस्तीप्रमाणे आधी पुढचा.

मागचं इंजिन जवळ आलं. इतकं जवळ की त्याची धग पोटऱ्यांना लागायला हवी होती. लागली नाही. एक, दोन, तीन.

ते बंद झालं.

कुलूपवाल्याने डोळे मिटले. तीस वर्षं तो कुलपात तार घालून अशीच वाट बघत आला होता. आतला खटका एकदाच बोलतो आणि तेव्हा दुसरं काही ऐकायचं नसतं. स्टँड लागला. शांतता झाली. शांतता लांबत गेली.

ठक झालं नाही.

तो मुलगा नव्हता. हे कळायला त्याला वळावं लागलं नाही. दुसऱ्याच कुणालातरी, कुणाच्यातरी मुलाला तो आपल्या उघड्या दारापर्यंत घेऊन आला होता. वाईट वाटलं ते स्वतःसाठी, आणि लगेच त्या मागे थांबलेल्यासाठीही वाटलं. आता तो शब्द म्हणावा आणि सोडावं याला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने तोंड उघडलं.

तेवढ्यात त्याच्या मागच्याच्या मागे आणखी एक इंजिन बंद झालं.

त्याने मोजलं नव्हतं, पण कानांनी मोजलं होतं. तीन आकडे. पुढच्या तीनवर आणखी एक, जरा लांब. मग आणखी एक. आवाज पायरी पायरीने उतरत नव्हता, दूर दूर जात होता.

मागे वळायचं नसतं. त्याने फक्त नजर उचलून आरशात पाहिलं. दिवेच दिवे होते. जवळचे विझलेले, त्यांच्या जागी नुसते उभे आकार, हात हँडलवर, सगळ्यांची तोंडं त्याच्या दाराकडे. त्यांच्यामागचे एकेक करून विझत होते, गल्लीच्या टोकापर्यंत. आणि टोकाच्या वळणावरून अजून नवे आत येत होते, एकामागे एक, अंतर राखून.

त्याने नजर खाली घेतली आणि पुन्हा वर केली नाही.

शेपूट बोलल्याशिवाय कुणी आत जात नाही. आणि आता तो शेपूट नव्हता. शेपूट तिकडे कुठेतरी होतं, वळणापलीकडे, कदाचित रुळांच्याही पलीकडे, आणि ते येईपर्यंत दार उघडंच राहायचं होतं. मध्येच आपण तो शब्द म्हटला तर? बाईंनी पुढून म्हटला तेव्हा म्हाताऱ्याचा पाय खाली आलाच होता की. मग हे सगळे उतरतील. आत जातील किंवा फिरतील. आणि रांगेत मागे, अजून न आलेल्यांत, आपलं पोर असलं तर?

आत फोन वाजू लागला. पाच वाजले होते. घंटी रिकाम्या घरात एका खोलीतून दुसरीत फिरली, मुलाच्या खोलीपर्यंत जाऊन आली. बायको तिकडे फोन धरून उभी असेल, त्याला दिसत होतं, पायात चप्पल तशीच, डोळे आत्तापासूनच भरलेले. चार पावलांवर तर होता फोन. एवढंच म्हणायचं होतं, की हो, करतो सही, तू रड.

मागे एक इंजिन बंद झालं. त्याने कान दिला. काही नाही. तीन आकडे. पुढचं बंद झालं. काही नाही.

घंटी थांबली. उघड्या दारातून थंडी आत जात होती आणि दिव्याच्या उजेडात तिन्ही खुंट्या स्पष्ट दिसत होत्या. त्याची बोटं हँडलवर गारठली होती. त्याच्या पाठीमागे कुणी खोकलं नाही, हललं नाही, श्वास घेतला नाही. त्यांना घाई नव्हती. रांगेत उभं राहायची शिस्त त्यांना कुणीतरी फार आधी शिकवलेली होती.

एक, दोन, तीन. एकशे चारावं इंजिन. ठक नाही.

फोन पुन्हा वाजू लागला. त्याने मान हलवली नाही. एकशे पाच.